उजवीकडून फिरणारी पंगत

दरवर्षी शेवटच्या वर्षाच्या वर्गात कुणीतरी एकजण हात वर करतो आणि विचारतो, "मॅडम, हे डेडलॉक वगैरे पुस्तकातच असतं ना? प्रत्यक्षात कुणी बघितलंय का?" मी जळगावात एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. माझ्या विषयाचं नाव एका दमात म्हणता येत नाही, पण मुद्दा साधा आहे. शेकडो प्रोसेसर एकाच कामाला जुंपले, की एकाचा निरोप दुसऱ्याकडे कोणत्या वाटेने न्यायचा आणि वाटेत गर्दी झाली तर काय करायचं, एवढंच मी वर्षभर सांगत असते. डेडलॉक म्हणजे प्रत्येकजण पुढच्याची वाट बघतोय आणि सगळ्यात पुढे कुणीच नाही, अशी अवस्था.

"बघितलंय म्हणजे काय," मी म्हणते, "मी स्वतः घडवून आणलाय. वरण-बट्टीसकट."

पोरं हसतात. त्यांना वाटतं मॅडम आज खुशीत आहेत. मॅडम खुशीत नसतात. त्या दिवसाची आठवण निघाली की मॅडमना अजून घाम फुटतो.

झालं असं, की माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. आमचं गाव धरणगावपासून जवळच, मुलगा साक्रीकडचा. मंडळी साधी, मागणं काही नाही. फक्त मुलाच्या मामांनी एक अट घातली, ती मात्र ठासून. जेवण बसून झालं पाहिजे.

"उभ्याउभ्यानं खावाले आम्ही काय बैल शेतस?" साक्रीचे मामा म्हणाले, आणि बसूनच जेवण ठरलं.

आता आमच्या गावात पंगत म्हटलं की आबा. आबा म्हणजे माझे वडील. माझ्या आठवणीत गावातल्या कुठल्याही लग्नात शेवटी तूप घेऊन आबाच निघायचे. त्यांची एक पितळी तोटीची तपेली होती. मीठ येतं, घोटलेली वांगी येतात, बट्टी कुस्करून होते, वरण पडतं, तरी आमच्याकडे कुणी घास उचलत नाही, कारण अजून आबा यायचे असतात. मग आबा येणार, प्रत्येक पानापुढे वाकणार, "आन्खी?" असं विचारणार आणि उत्तराची वाट न बघता दुसरी धार सोडणार. पत्रिकेत मुहूर्त काहीही छापलेला असो, आबांचं तूप शेवटच्या पानावर पडलं की लग्न लागलं असं आमचं गाव मानतं.

त्या वर्षी आबांचा उजवा गुडघा धरला होता. डॉक्टरांनी वाकू नका म्हणून सांगितलेलं. मी घरातली मोठी, स्वभावाने तापट, आणि मला वेळेवर गप्प बसता येत नाही. मी जाहीर करून टाकलं, "आबा, तुम्ही मुलीचे वडील. तुम्ही मांडवाच्या तोंडाशी खुर्चीवर बसा, आल्यागेल्याला रामराम करा. वाढायचं मी बघते."

"तू?"

"मी दुसरं काय शिकवते कॉलेजात? कुठली वस्तू कुठल्या वाटेने कुणाकडे न्यायची, हेच ना?"

कुणी कुठून वाढत जायचं याचा तक्ता मी त्यांच्यापुढे पसरला. आबांनी चष्मा लावला, तक्ता सरळ धरला, मग उलटा धरून पाहिला.

"पंगत कागदवर नही बठत, बेटा," ते म्हणाले. "जमीनवर बठस."

"आबा, गुडघा."

"बरं," आबा म्हणाले.

आमच्या घरात आबांच्या "बरं"मधून आजवर काही बरं निघालेलं नाही. त्यांनी फडताळातून तपेली काढली, उपरण्याने पुसली, आणि परत फडताळात ठेवून दिली. मला ते बघून वाईट वाटलं. पण मी त्यांच्या भल्यासाठीच करत होते, त्यामुळे ते वाईट वाटणं मी मनावर घेतलं नाही.

बहिणीने मात्र घेतलं. ती माझ्याकडे आली तेव्हा डोळे लाल होते. "ताई, गावातल्या सगळ्या पोरींच्या लग्नात आबांनी तूप वाढलं. आणि माझ्या लग्नात तू त्यांना खुर्चीवर बसवणार?"

"अगं, गुडघा आहे त्यांचा."

"हो ना, त्यांचाच आहे," ती म्हणाली. "तुझा नाही."

खरं तर इथेच मी शहाणं व्हायला हवं होतं. तेवढ्यात जाऊन "आबा, तूप तुम्हीच वाढा" म्हणायचं, की विषय मिटला. पण तक्ता लॅमिनेट करून झाला होता.

त्या तक्त्याबद्दल सांगते, कारण तो वाईट नव्हता. आमच्या विषयात निरोप नेण्याच्या तीन पद्धती शिकवतात. पहिलीत इथून तिथपर्यंतचा सगळा रस्ता आधी अडवून ठेवायचा, मग निरोप सोडायचा. मंत्र्याच्या गाडीसाठी धुळे रोडवर करतात तसं. दुसरीत निरोप एका ठिकाणी पूर्ण पोचू द्यायचा, तिथे ठेवायचा, मग पुढे उचलायचा. गावची जुनी पद्धत हीच. वांग्याची बादली एक ओळ पुरी करून टोकाला खाली ठेवायची, वाढणारा कंबर सरळ करणार, मग दुसरी ओळ. पहिल्या ओळीतले बोटं चाटत असतात तेव्हा शेवटच्या ओळीत मीठ पडतं.

तिसरी पद्धत माझ्या आवडीची. निरोपाचे बारीक तुकडे करायचे आणि गांडुळासारखे एकामागून एक सोडायचे. कुठे जायचं ते फक्त पहिल्या तुकड्याला ठाऊक. बाकीचे डोळे मिटून त्याच्या मागे. पहिला वळला की सगळे वळणार, पहिला थांबला की सगळे जिथल्या तिथे थांबणार. मी पाच-पाच जणांच्या चार साखळ्या केल्या. मीठ-चटणी, वांगी, बट्टी, वरण, तूप. भाऊबंदांतले वीस धडधाकट लोक, त्यांतली एक मी. पहिल्या साखळीत मीठ घेऊन सगळ्यांच्या पुढे मीच. बाईमाणूस पंगत वाढणार म्हणून थोडी कुजबुज झाली. मी एकदा सगळ्यांकडे बघितलं आणि ती थांबली.

मांडवाच्या मधोमध एक मोठा चौक आखला होता. चौकात वरपक्षाची मोठी माणसं, आणि चौकाच्या चारही बाजूंनी वाढणाऱ्यांच्या चार गल्ल्या. चार साखळ्या चार दिशांनी सरळ आत येणार, एकेक गल्ली पुरी करणार आणि वळणार. माझ्या पहिल्या आराखड्यात दोन साखळ्या डावीकडे वळत होत्या, दोन उजवीकडे. ते मुद्दाम तसं होतं.

त्यावर अक्कांनी बोट ठेवलं. अक्का म्हणजे आबांची थोरली बहीण, घरातलं शेवटचं अपील.

"हाई डावीकडे कसाले?"

"अक्का, असं केलं की कुणी कुणाला आडवं येत नाही."

"शुभकार्यमा उलटं फिरतस का कोणी? देवले प्रदक्षिणा उलटी घालस का तू?"

आता मी दरवर्षी वर्गात चौकोन काढते, चार रंगांच्या खडूंनी चार बाण काढते, आणि सांगते, की चौघांनाही एकाच दिशेला वळू दिलं तर प्रत्येकाचं डोकं पुढच्याच्या शेपटीला भिडतं आणि सगळं नेटवर्क कायमचं ठप्प होतं. म्हणून निदान एक वळण बंद ठेवा. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो. मी तो तपासते. चुकलेल्यांना लाल शाईने "विचार करा" असं लिहिते.

आणि त्या दिवशी अक्कांचं बोट बाणावर असताना माझ्या मनात काय आलं? तर, बरंच आहे की! सगळ्यांना एकच नियम. उजवीकडे वळा. कुणी विसरणार नाही. मी बाण बदलले, तक्ता पुन्हा लॅमिनेट केला, आणि खाली ठळक अक्षरांत एक सूचना वाढवली. मागे सरकायचं नाही. गल्ल्या अरुंद, वरण कढत. मागे सरकताना कुणी भाजलं तर साक्रीपर्यंत बोंब जायची.

आदल्या दिवशी रिकाम्या बादल्या घेऊन तालीम केली. कपाशी काढून मोकळ्या केलेल्या वावरात मांडव होता. वीस जण माझ्या शिट्टीवर असे फिरले, की बघायला आलेल्या बाया टाळ्या वाजवायला लागल्या. तालमीत पानावर कुणी बसलेलं नव्हतं, आणि त्यामुळे कुणी "आन्खी वाढा" म्हणत नव्हतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड दोन बसमधून आलं. साक्रीहून धुळं, धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत, एका ठिकाणी टायर बदलत. भुकेने सगळ्यांचे चेहरे उतरलेले. अक्षता पडल्या, पानं मांडली, मामा चौकाच्या कडेला, माझ्या गल्लीच्या टोकाशी मांडी घालून बसले. मी मांडवाच्या तोंडाकडे नजर टाकली. आबा नवा फेटा बांधून खुर्चीत. मी शिट्टी वाजवली.

पहिली दोन मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. चार साखळ्या चार दिशांनी आत शिरल्या. मीठ, वांगी, बट्टी, वरण, तूप. पुढचं पान. मीठ, वांगी, बट्टी, वरण, तूप. मला वाटलं, आपण नोकरी सोडून हेच करावं.

तेवढ्यात मागून मामांचा आवाज आला, "भाजी झकास शे! आन्खी वाढ रे भो!"

वांगीवाला थांबला. तो थांबला म्हणून त्याच्या मागचे थांबले, आणि साखळी तुटू द्यायची नाही असा माझाच हुकूम असल्यामुळे मीही थांबले. आमची गल्ली भरली. आमच्या गल्लीत वळायला आलेली साखळी कोपऱ्यावर थांबली, तिच्यामुळे तिच्या मागची, तिच्यामुळे चौथी. मामांचं समाधान झालं. वांगीवाला म्हणाला, चला. मी पुढे बघितलं, तर माझ्या नाकासमोर चौथ्या साखळीचा तूपवाला पाठ करून उभा.

"चला ना भाऊ," मी म्हणाले.

"पुढलाले सांगा," तो म्हणाला.

पुढल्याने त्याच्या पुढल्याला सांगितलं. निरोप चारही गल्ल्या फिरून, चौक पुरा करून, माझ्या मागच्या वांगीवाल्याच्या तोंडून मला मिळाला, "ताई, पुढे चाला म्हनतस." निरोप मात्र उजवीकडून व्यवस्थित फिरला होता.

तिथे उभ्या उभ्या मला माझा फळा दिसला. चार रंगांचे खडू दिसले. लाल शाईतलं "विचार करा" दिसलं.

अडकलेले लोक नुसते उभे राहिले असते तरी चाललं असतं. पण हातात भरली बादली आणि समोर उपाशी पाहुणा असताना आमच्याकडचा माणूस हात बांधून उभा राहू शकत नाही. जो जिथे अडकला तो तिथेच वाढत सुटला. बट्टीवाल्यासमोरच्या गृहस्थांच्या पानात बट्ट्यांची चळत लागली आणि त्यांना पलीकडचं दिसेना. वरणवाल्यासमोरच्या आजोबांकडे बट्टीच नव्हती, ते द्रोणातून वरण पीत होते, संपलं की पुन्हा मिळत होतं. मामांच्या पानात वांग्यांचा डोंगर. आणि मी? मी माझ्यासमोरच्या बाईंना चौथ्यांदा मीठ वाढलं, तेव्हा त्यांनी हळूच पान मागे ओढलं.

"आम्हले बट्टी देतस का नुसती वांगीच?" मामा गरजले.

"हात जळी ऱ्हायनात मना, सरका रे कोणीतरी!" आमच्या साखळीतला वरणवाला चुलतभाऊ ओरडला.

"कुणी मागे सरकायचं नाही!" मी ओरडले. लगेच, "अरे, कुणीतरी सरका!" दोन्ही हुकूम माझेच. एकोणीस माणसं माझ्याकडे बघत होती आणि एकही हलत नव्हता, कारण मागे सरकायचं म्हणजे आपल्याच शेपटीतल्या माणसाला आधी मागे जायला सांगायचं, आणि तक्त्यावर तर सरकायचं नाही असं लिहिलेलं.

मी मांडवाच्या तोंडाकडे बघितलं. खुर्ची रिकामी होती.

मी त्याचा एकच अर्थ लावला. आबा उठून गेले. पोरीच्या लग्नात पंगतीची ही शोभा बघवली नाही, आणि उठून गेले. पाहुणे उपाशी, बहीण मंडपात, आणि ज्या माणसाने गावातल्या पोरीबाळींच्या लग्नांत मान राखला त्याच्या दारातच हे.

आणि मग माझ्याच साखळीच्या शेपटीतून आवाज आला. शांत, नेहमीचा.

"बेटा, मी मांगे सरकस. तू बी सरक."

मी मागे वळून बघितलं. वांगीवाला, बट्टीवाला, वरणवाला, आणि त्यांच्यामागे, तक्त्यात आबांच्या ज्या पुतण्याचं नाव होतं त्याच्या जागी, नवा फेटा आणि पितळी तपेली. पुतण्याला केव्हाच जेवायला बसवून टाकलेलं. मी शिट्टी वाजवली तेव्हाच आबा खुर्चीतून उठले होते, आणि तेव्हापासून माझ्या मागे होते. प्रत्येक पानापुढे वाकत होते. मी एकदाही शेपटीपर्यंत मागे बघितलं नव्हतं.

आबांनी उजवा पाय मागे टाकला, मग डावा. मागे न बघता, तपेली न हिंदकळता, चुलींकडून आत येणाऱ्या वाटेने ते उलटे चालत निघाले. गुडघा वाकत नव्हता, पाय थोडा बाहेर फेकून टाकावा लागत होता. आणि उलटं जाता जाता, हात रिकामा कसा ठेवायचा म्हणून, ज्या पानांवर तूप वाढून झालं होतं त्यांवर पुन्हा धार सोडत गेले. "आन्खी?" आणि धार. "आन्खी?" आणि धार.

त्यांच्या मागोमाग वरणवाला सरकला, बट्टीवाला, वांगीवाला. सगळ्यात शेवटी मी, मिठाचा द्रोण छातीशी धरून. आमची गल्ली मोकळी झाली. कोपऱ्यावर अडलेली साखळी तिच्यात वळली, तिच्या जागी तिच्या मागची आली, आणि बघता बघता सगळा चौक वाहायला लागला. आजोबांना बट्टी मिळाली.

"याले म्हनतस पंगत!" मामांनी मांडीवर थाप मारली. "तूप जातांना बी आनि येतांना बी! आम्हना गावमा अशी रीत नही भो!"

कुणीच त्यांना सांगितलं नाही की आमच्या गावातही नाही. तेव्हापासून साक्रीत म्हणे असं बोललं जातं, की धरणगावकडे तूप दोनदा वाढायची जुनी चाल आहे, एकदा सुलट आणि एकदा उलट. पुढे बहिणीच्या सासरचं कार्य निघालं तेव्हा त्यांनी ती आवर्जून पाळली. अक्का तिथे होत्या. उलटं चालणाऱ्या तूपवाल्यापुढेही त्यांनी पान पुढे सरकवलं.

पाहुणे उठल्यावर वाढणाऱ्यांची पंगत बसली. आबांना बसता येत नव्हतं, गुडघा चांगलाच सुजला होता. ते उभेच राहिले आणि आम्हाला वाढत राहिले. माझ्यापुढे आले तेव्हा मला रडू फुटलं. वांगी तिखट झाली असं म्हणावं, तर मी अजून वांग्यांना हात लावला नव्हता.

"आबा, चुकलं माझं," मी म्हणाले.

"तक्ता चांगला व्हता," आबा म्हणाले. "फक्त मांगे सरकाले जागा ठेवेल नही व्हती." आणि तुपाची धार सोडली.

गेल्या हिवाळ्यात चुलतभावाचं लग्न झालं, भडगावला. वाढायची मंडळी उभी राहिली तशी मी फडक्यात गुंडाळून आणलेली तपेली आबांच्या हातात द्यायला गेले. त्यांनी ती घेतली नाही.

"तू धर," ते म्हणाले. "मांगे सरकाले आते गुडघा ऐकत नही. मी मीठ लेस."

त्यामुळे आता आबा डोक्याशी असतात आणि मी शेपटीला. बाईमाणूस तूप वाढते म्हणून मला कुणी काही बोलत नाही. बोललं तर मी त्यांच्याकडे एकदा बघते. तक्ताही केला, लॅमिनेटही केला. डावं वळण ठेवलं, आणि अक्कांना तो दाखवला नाही. शेवटच्या ओळीत लिहिलं, दोघांच्या मधे दोन हात जागा सोडा. मी वाढतावाढता पुढे बघत असते. तीन माणसांच्या पलीकडे आबांचा फेटा दिसतो. पाय ओढत जातात, प्रत्येक पानावर गरजेपेक्षा जास्त मीठ टाकतात, मधेच थांबतात. ते थांबले की मी थांबते, आणि ती दोन हात जागा रिकामी आहे ना, एवढं बघून घेते.